बँकॉकला जाताय? पिवळा झेंडा ओळखा

प्रश्न : लकडगंजात आमची लाकडाची वखार आहे. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन बँकॉकला जायचं म्हणतो. घरात कांदा-लसूण चालत नाही. काय सांभाळावं?

उत्तर : खाण्याची काळजी रास्तच आहे. तिथे साध्या भाजीतही माशाचा सॉस पडतो, त्यामुळे नुसतं ‘व्हेज’ सांगून भागत नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं दिसली, की ते ‘जे’ पद्धतीचं दुकान. तिथे मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य. पाहुरातचा भारतीय बाजार आहेच.

ग्रँड पॅलेसला खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बाहेर कुणी अगत्यानं ‘आज राजवाडा बंद आहे’ म्हणत टुकटुककडे वळवलं, तर सरळ पुढे चला; रत्नांच्या दुकानात नेण्याचा हा जुना डाव आहे. संध्याकाळी टॅक्सीपेक्षा स्कायट्रेन किंवा चाओ फ्राया नदीवरची बोट बरी.

तुम्ही लाकडातले, तेव्हा एखादा मॉल गाळा, पण जिम थॉम्पसनचं घर पाहाच. जुनी सागवानी घरं उतरवून, आणून जोडलेली. १९५९ मध्ये पूर्ण झालं. सांध्यांवरून बाबांची नजर हलणार नाही!

आणि हो, १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरा. ते मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.