नवजात अतिदक्षता विभाग : माता-पित्यांचा वाटा

नवजात अतिदक्षता विभागाची नोंद आपल्या वार्षिक अहवालात प्रतिवर्षी येते. इनक्युबेटर, वॉर्मर, मॉनिटर, फोटोथेरपी युनिट यांची किंमत व घसारा ताळेबंदात दिसतो आणि त्यासाठी साहाय्य करणाऱ्या देणगीदारांची नावे आपण कृतज्ञतापूर्वक छापतो. मात्र या विभागातील उपचारांचा एक मोठा हिस्सा कोणत्याही खातेवहीत येत नाही. तो म्हणजे बालकाच्या माता-पित्यांचा वाटा. दाराबाहेरील बाकावर बसलेल्या आई-वडिलांची बहुधा अशी समजूत असते की, आता सर्व काही डॉक्टर व यंत्रे यांच्या हाती आहे, आपण केवळ वाट पाहावयाची. ही समजूत दूर व्हावी, या हेतूने बालरोगतज्ज्ञ व परिचारिका पालकांना जे समजावून सांगतात, ते येथे एकत्रित दिले आहे.

यंत्रांची ओळख

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेली, अत्यल्प वजनाची, श्वसनाचा त्रास, जंतुसंसर्ग अथवा तीव्र कावीळ असलेली बालके या विभागात दाखल होतात. प्रथमदर्शनी नळ्या व तारा पाहून आईचे काळीज हलते. वास्तविक पायाला बांधलेली लाल दिव्याची पट्टी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजते, तर निळा प्रकाश कावीळ उतरविण्यासाठी असतो व त्या वेळी डोळे झाकलेले असतात. बाळाने पाय हलविला तरी मॉनिटरची घंटा वाजू शकते. शंका आल्यास सिस्टरांना निःसंकोच विचारावे. मात्र कोणतेही बटण स्वतः हाताळू नये.

आत जाण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढून साबणाने कोपरापर्यंत हात धुणे ही पालकांची पहिली सेवा होय. सर्दी, ताप वा जुलाब असलेल्या व्यक्तीने आत येऊ नये. ताईत, काळा दोरा व काजळ यांमागील माया आम्ही जाणतो; परंतु त्यांतून जंतू आत जाऊ शकतात, म्हणून ते घरी परतेपर्यंत दूर ठेवावेत.

आईचे दूध

पहिल्या दिवसांतील पिवळसर, घट्ट चीक काही कुटुंबांत अजूनही टाकून दिला जातो. रोगप्रतिकारक द्रव्यांनी युक्त असलेला तो चीक थेंबभर मिळाला तरी मौल्यवान आहे. सुमारे चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ सहसा साधत नाही, म्हणून दूध नळीने द्यावे लागते. यास्तव आईने प्रसूतीनंतर काही तासांतच हाताने दूध काढण्यास प्रारंभ करावा व रात्री धरून दिवसातून आठ ते दहा वेळा ते काढावे. प्रारंभी थोडेच निघाले तरी खचू नये. नियमित काढल्यानेच दूध वाढते. मध, घुटी वा पाणी मुळीच देऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना होणाऱ्या गंभीर दाहाचा धोका मातेच्या दुधाने कमी होतो. ज्यांच्या मातेचे दूध पुरत नाही, अशा बालकांसाठी मातृदुग्धपेढ्या आहेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झालेली पेढी ही आशियातील पहिली मानली जाते.

त्वचेला त्वचेची ऊब

कोलंबियातील बोगोटा येथे इनक्युबेटर अपुरे पडत असताना १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून परिचित आहे. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत १ किलो ते १७९९ ग्रॅम वजनाच्या बालकांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा दिल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही सेवा दिवसाचे ८ ते २४ तास द्यावी, अशी शिफारस केली. ज्या बालकाची प्रकृती अतिशय गंभीर आहे, त्याच्याबाबत मात्र डॉक्टरांचा निर्णय प्रमाण मानावा. ही सेवा वडील किंवा आजीही देऊ शकतात. एका बैठकीत किमान एक तास तरी द्यावा. वारंवार उचलण्या-ठेवण्याने बाळ दमते. ज्याला अद्याप उचलता येत नाही, त्याच्या डोक्यावर एक व पावलांशी दुसरा तळवा स्थिर ठेवावा आणि हळू आवाजात बोलावे. बोटे फाकणे, उचकी लागणे, तोंड फिरविणे या थकल्याच्या खुणा आहेत. त्या दिसताच त्याला विश्रांती द्यावी.

कुटुंबाची साथ

सोयर पाळावे की न पाळावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. तथापि त्या कारणाने आईला बाळापासून दूर ठेवू नये, अशी घरातील वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. बारसे पुढे ढकलता येते, आईची ऊब पुढे ढकलता येत नाही. आईला वेळेवर जेवण व झोप मिळावी. तिची उदासी दोन आठवड्यांनंतरही ओसरली नाही, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

खर्चाच्या चिंतेने उपचार अर्धवट सोडून बाळाला घरी नेणे, यासारखी हानी नाही. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. पात्र कुटुंबांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचाही लाभ मिळू शकतो. यासाठी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन पहिल्याच दिवशी समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. शेवटचे बिल हाती आल्यावर धावपळ करण्याची वेळ येऊ देऊ नये.

घरी परतताना

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, अतिशय लहान बाळांची त्याहूनही आधी व्हावी लागते. बाळ वरून सुदृढ दिसते म्हणून ही तारीख चुकविली, तर कायमचे अंधत्व येऊ शकते. श्रवणचाचणीही तितकीच आवश्यक आहे. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग थंड पडले, श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक झाला अथवा झटके आले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात यावे.

देणगीदार व विश्वस्त यांस एकच नम्र निवेदन. नवे यंत्र आवश्यक आहेच. परंतु त्याच्या शेजारी आईसाठी टेकून बसण्याची एक खुर्ची, परगावच्या मातेसाठी एक खाट व दोन वेळचे जेवण यांचीही तितकीच निकड आहे. यांचा खर्च यंत्राच्या मानाने अल्प आहे. मात्र त्यावाचून आई दाराबाहेरच राहते आणि तिच्या बाळाचा अर्धा उपचार तिच्याबरोबर बाहेर राहतो.

— प्रशासकीय अधिकारी