कापड आधी ओळखा, सुई नंतर लावा

कापडाच्या धंद्यात आमची बरीच वर्षे गेली. या काळात एक भांडण आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. माल बिघडला की शिवणारा म्हणतो, कापडात खोट आहे. कापडवाला म्हणतो, शिलाईत खोट आहे. आणि माल घेणारा व्यापारी दोघांचेही पैसे अडकवून ठेवतो. शेवटी भरपाई कोणाच्या खिशातून होते? बहुतेक वेळा मशीनवर बसलेल्या कारागिराच्या. पीसवर मजुरी घेणाऱ्या माणसाचे ऐकतो कोण? म्हणून शिवणकामाच्या मूळ गोष्टी येथे मांडण्याचे आम्ही ठरवले आहे. जाणत्या मास्तरांना यातले पुष्कळ ठाऊक असेल. त्यांनी ते आपल्या शागिर्दांना वाचून दाखवावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खोपटमधील एका छोट्या कारखानदाराने आमच्याकडून कॅम्ब्रिकचे ताके नेले. दोनशे कुर्त्यांची ऑर्डर होती. पंधरा दिवसांनी तो गाठोडे घेऊन दुकानात आला व कुर्ते आमच्यासमोर टाकून म्हणाला, "शेठ, ताके कुजके दिलेत." पाहतो तर शिवणीच्या कडेने बारीक बारीक छिद्रे पडलेली. एक कुर्ता धुतलेला होता, त्यात ती छिद्रे वाढून धागे निघाले होते. आम्ही भिंग लावून पाहिले. छिद्रे फक्त शिवणीवर होती, बाकी कापड निर्दोष होते. कुजके कापड हाताने ताणले तर कुठेही फाटते, शिवणीची वाट पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या कारखान्यात गेलो. चार मशीन होती. त्यातील दोन मशीनवर अठरा नंबरची सुई. आदल्या महिन्यात तेथे शाळेच्या दप्तरांचे काम झाले होते, तीच सुई पुढे कुर्त्यांवर चालली. टोक इतके बोथट की नखावरून फिरवले तर खरखर लागत होती. अशी सुई धाग्यांच्या मधून जात नाही, धागा तोडून जाते. दोनशे कुर्त्यांचे नुकसान ज्या वस्तूने केले तिची किंमत एका कप चहापेक्षा जास्त नव्हती. दरम्यान दोन्ही कारागिरांची आठवड्याची मजुरी कापली गेली होती.

आता सुईचेच पाहू. सुईच्या दांड्यावर बहुधा दोन आकडे असतात, जसे ९०/१४. पहिला आकडा सुईची जाडी सांगतो. ९० म्हणजे एका मिलिमीटरचे नव्वद शतांश. दुसरा आकडा आपले कारागीर ज्याला नंबर म्हणतात तो. जॉर्जेट, शिफॉन, मलमल यांना नऊ किंवा अकरा नंबर. कॅम्ब्रिक, पॉपलिन, ब्लाऊजचे टू बाय टू रुबिया, शर्टिंग यांना अकरा ते चौदा. टेरीकॉट व सूटिंगला चौदा ते सोळा. जीन्सचे डेनिम आणि कॅनव्हास यांना सोळा ते अठरा. होजिअरीसाठी गोल टोकाची सुई वेगळी मिळते. ती विणीचा फासा तोडत नाही, बाजूला सारून जाते. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्याच्या मशीनचा गोल असतो. एकीची सुई दुसरीला चालत नाही. सुईला एका बाजूने लांब खाच असते. ज्या बाजूला ती खाच, त्या बाजूने दोरा ओवायचा, हा नियम मशीन कोणतेही असो, लक्षात ठेवावा. दिवसभर जोरात काम झाले की सुई बदललेली बरी. कापडात शिरताना टक्‌ टक्‌ आवाज येऊ लागला तर दिवस संपण्याचीही वाट पाहू नये.

मशीन टाका कसा घालते हे अनेकांनी वर्षानुवर्षे शिवूनही कधी पाहिलेले नसते. हाताने चाक हळू फिरवून पाहावे. सुई खाली जाते, मग किंचित वर उठते. त्या क्षणी तिच्या नाकाजवळ दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. शटलचे टोक तो फासा पकडते व बॉबिन केसभोवती फिरवून आणते. अशा रीतीने वरचा दोरा खालच्या दोऱ्याला अडकतो आणि गाठ कापडाच्या जाडीत बसते. सुई पूर्ण वर बसवलेली नसेल, वाकडी असेल किंवा जराशी फिरलेली असेल, तर शटलला फासा सापडत नाही आणि टाका सुटतो. टाका सुटला की आमचे कारागीर पहिल्यांदा टेन्शनचा स्क्रू पिळतात. हे चूक आहे. पहिल्यांदा सुई बदला, दुसऱ्यांदा दोरा पुन्हा ओवा, स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावा.

टेन्शनची परीक्षा सोपी आहे. खालच्या बाजूला फासे लोंबत असतील तर वरचा दोरा ढिला आहे, किंवा तो चकत्यांच्या मध्ये नीट बसलेला नाही. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसत असतील तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे, नाहीतर खालचा ढिला आहे. भरलेली बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबती सोडावी. आपोआप घसरत खाली गेली तर ढिली, झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. झटक्यासरशी थोडी उतरून थांबली तर ठीक.

दोन दोऱ्यांच्या या टाक्याचे पेटंट अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ साली घेतले, व १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांचे मशीन आले. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्यात 'उषा' मशीन तयार होऊ लागले. आज घरातील काळे पायमशीन असो वा कारखान्यातील मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणारे मशीन, टाक्याचे तत्त्व तेच आहे. फरक वेगाचा. त्या वेगात सुई तापते, आणि पॉलिस्टरचा दोरा किंवा धागा वितळून सुईच्या नाकात चिकटतो. दोरा वारंवार तुटण्याचे हे एक कारण आहे, आणि दोष मात्र दोरेवाल्याला दिला जातो. सिंथेटिक मालावर वेग थोडा कमी ठेवावा.

टाक्याची लांबी इंचावर मोजतात. साध्या शर्ट-कुर्त्याला इंचात दहा ते बारा टाके, बारीक कापडाला बारा ते चौदा, जीन्सला सात-आठ. बारीक टाका म्हणजे मजबूत शिलाई असा समज आहे. पातळ कापडावर गरजेपेक्षा जास्त टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांची ओळ होते आणि कापड तेथेच फाटते.

साखळी टाका वेगळा. धान्याच्या गोणीची शिवण एका टोकाने ओढली की सर्रकन उसवते, तो हा टाका. गोणीला हे चांगले, कपड्याला शेवट पक्का केला नाही तर धोक्याचे. पण तो ताणला जातो. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर साधी टीप मारली तर कापड ताणते आणि टीप तुटते. तेथे ओव्हरलॉकच हवे.

येथे मजुरी ठरवणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. एक मीटर साध्या टिपेला वरचा-खालचा मिळून सुमारे अडीच मीटर दोरा लागतो. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला तेवढ्याच लांबीसाठी सुमारे चौदा मीटर लागतो. दोरा कारागिराचा असेल आणि ओव्हरलॉकचा दर टिपेच्या दराने घेतला असेल, तर त्याने काय कमावले ते त्यानेच पाहावे.

हाताच्या शिलाईबद्दल थोडक्यात. धावदोरा कच्च्या जोडणीसाठी, बखिया मजबुतीसाठी, तुरपाई घडीसाठी, काजटाका काजासाठी. आमचे शिक्षण उर्दूतून झाले, म्हणून एक गोष्ट सांगाविशी वाटते. 'दर्जी' हा शब्द फारसी 'दर्ज़' वरून आला, त्याचा अर्थ शिवण. अस्तर हा शब्दही फारसीच. मराठी शिंप्याच्या दुकानात हे शब्द आपलेच होऊन बसले आहेत.

आता कापडाकडे वळू. आमच्या दृष्टीने खरा धडा येथे आहे. पूर्वी खोपटच्या एसटी स्थानकावरून आम्ही भिवंडीची गाडी पकडत असू व तेथे मागावरच कापड पाहत असू. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी जे गाव वाढवले, तेथे कापड समजायला शाळेची गरज नव्हती. मागावर उभा ताणलेला धागा तो ताणा, आडवा भरला जातो तो बाणा. ताण्याच्या दिशेने कापड जवळजवळ ताणले जात नाही, बाण्याच्या दिशेने थोडे ताणले जाते, आणि उरेब म्हणजे तिरकस धरले तर सर्वांत जास्त ताणले जाते. म्हणून गळ्याची पट्टी उरेब कापतात, ती वळणावर बसते. आणि म्हणूनच कापड वाचवण्यासाठी पायजम्याचा पाय थोडा तिरका कापला, तर धुतल्यावर तो पाय पिळून शिवण पुढे येते. दोन इंच कापड वाचले आणि गिऱ्हाईक गेले. काठ नेहमी बाजूला ठेवावा, कारण तो घट्ट विणलेला असतो व धुतल्यावर कापडापेक्षा वेगळा आटतो.

कापड कशाचे आहे हे बोटांनी कळते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमची बोटे चाळीस वर्षांची असूनही आज मिश्रणाच्या मालात फसतात. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सूत असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो व मऊ राख पडते. रेयॉनही तसेच जळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. लोकर व रेशीम जळले की केस जळल्याचा वास येतो. खोपटपासून जवळच, पोखरण रोडवर, १९२५ साली सुरू झालेली रेमंडची लोकरीची गिरणी होती. ती २००९ मध्ये बंद झाली. आता तेथे इमारती उभ्या आहेत, पण लोकरी कापडाला इस्त्री करताना मध्ये ओले फडके ठेवावे हा नियम इमारतींनी बदललेला नाही.

सुती कापड आटते. किती आटते हे ताक्यावरच्या छापावर सोडू नये. कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन खुणावून तुकडा भिजवावा, सावलीत वाळवावा, इस्त्री करून मोजावा. अठ्ठेचाळीस भरला तर चार टक्के आटले. मग तयार कुर्ता धुतल्यावर शंभर सेंटिमीटर राहायला हवा असेल तर शिलाईची दाब सोडून सुमारे एकशे चार सेंटिमीटर कापावा लागेल. उभे व आडवे वेगवेगळे मोजावे, कारण दोन्ही सारखे आटतीलच असे नाही. ही चाचणी आम्ही स्वतः एकदा केली नाही. शाळेच्या गणवेशाचे कापड "आटणार नाही" असे सांगून विकले, कारण आम्हाला तसेच सांगितले गेले होते. पहिल्या धुण्यात पँटी घोट्याच्या वर गेल्या. ते नुकसान आम्ही भरले, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या लॉटचा तुकडा दुकानामागे वाळत असतो.

मशीन घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. क्लच मोटर काम नसतानाही फिरत राहते. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते, त्यामुळे विजेचे बिल कमी येते. तेल मशीनचेच घालावे. खाद्यतेलाने मशीन चिकटते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी, पडताळणी व प्रशिक्षणाच्या मार्गाने अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. योजनेत पाच टक्के व्याजाचे कर्जही आहे, त्याचा विचार ज्याचा त्याने करावा. अवजारांची मदत मात्र कर्ज नाही.

त्या दोनशे कुर्त्यांचे काय झाले? ज्यांच्या शिवणीवर छिद्रे होती ते कुर्ते उसवून, शिवण अर्धा इंच आत घेऊन अकरा नंबरच्या सुईने पुन्हा शिवले. ते लहान मापाचे झाले व कमी भावात गेले. तोटा आम्ही आणि कारखानदाराने निम्मा निम्मा वाटला. आमचा वाटा यासाठी की ताके देताना कोणती सुई लावणार हे आम्ही विचारलेच नव्हते. कारागिरांची कापलेली मजुरी परत द्यावी या अटीवर आम्ही ही वाटणी मान्य केली. त्या दिवसापासून आमच्या बिलासोबत हातभर कापडाचा तुकडा जातो. कारखानदार तो आपल्या मशीनवर शिवतो, धुतो, इस्त्री करतो, आणि त्यावर सुईचा नंबर लिहून एक अर्धा आमच्याकडे परत पाठवतो. दुकानाच्या खणात असे तुकडे आता पोतेभर जमले आहेत.