गांधार मशीनला विचारू नकोस

मावशीनं न्यू जर्सीहून पेडल स्टील गिटार पाठवलं, आता ट्यूनर कुठला घेऊ म्हणून विचारतोस. सांगतो, पण आधी छपराकडे बघ. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि तुझी खोली पत्र्याखाली. तिथे माइकवर ऐकणारा ट्यूनर तारेआधी पत्रा ऐकणार. मोबाइलमधलं फुकटचं ॲपही त्यातच आलं. डिसेंबरात ते छान चालेल, आणि त्या भरवशावर तू जुलैतला कार्यक्रम घेशील.

म्हणून पहिली अट, ट्यूनरला गिटारची वायर थेट जोडता आली पाहिजे. चिमट्याचा ट्यूनर, तो खुंट्यांपाशी अडकवायचा, कंपनावर चालतो, त्याला पावसाचं काही नाही. माझ्या सहा तारांच्या हवाइयन गिटारला तो पुरतो. पण तुझ्या वाद्यावर दहा तारा. एक छेडली की शेजारच्या दोन गुणगुणतात आणि काटा कुणाचं ऐकू म्हणून लटपटतो. चिमटा घेतलास तर बाकीच्या तारांवर तळहात ठेवायची सवय लाव. वायरच्या ट्यूनरलाही ती सवय लागतेच, पण तिथे काम भागतं.

व्हॉल्यूम पेडल घेशील तेव्हा त्याला ट्यूनरसाठी वेगळं भोक आहे का ते पाहा. बऱ्याच पेडलांत या भोकाची वायर आवाज कमी होण्याच्या आधीच निघते, त्यामुळे आवाज पूर्ण बंद ठेवून दोन गाण्यांच्या मध्ये गुपचूप तारा तपासता येतात. निवेदक बोलत असताना टँव टँव करत तारा लावणारा वादक मला सहन होत नाही.

आता एक गोष्ट, जी अमेरिकेहून आलेल्या पुस्तकात वेगळी सापडेल. मंगल कार्यालयात ट्यूबलाइट, दिव्यांचे डिमर आणि मागे जनरेटर, या सगळ्यांची घरघर पिकअपमध्ये शिरते. आपली वीज ५० हर्ट्झची. मंद्रातला जी हा सूर ४९ हर्ट्झचा. त्यामुळे तार न छेडताच ट्यूनर ‘जी, चढा’ असं दाखवायला लागला तर वाद्याला हात लावू नकोस, ती वीज बोलतेय. घरघरीतली १०० हर्ट्झची पट पकडली तरी सूर जी-च दिसेल, फक्त वरच्या सप्तकातला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून त्यांच्याकडे हेच भूत ए शार्प आणि बी यांच्यामध्ये कुठेतरी दिसतं. उपाय साधा आहे. स्टूल थोडं फिरवून बस, डिमरपासून लांब हो, काटा शांत झाला की मग तारा लाव.

खरी गोम मात्र गांधारात आहे. बाजारातले बहुतेक ट्यूनर पेटीच्या पट्ट्यांसारखे सप्तकाचे समान बारा भाग करून मोजतात. एका भागाचे १०० सेंट. त्या हिशेबात गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोरा नीट जुळला, जवारी नीट बसली, की खर्जातून जो स्वयंभू गांधार आपोआप ऐकू येतो तो असतो ३८६ वर. चौदा सेंटचा फरक, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. पंचमात फक्त दोन सेंटचा, तो सोडून दे. गायक हा फरक गळ्यातच मिटवतो. तारेवर बार सरकवून वाजवणाराही एकेका सुराला मिटवेल, पण एकच बार तीन तारांवर आडवा ठेवून तिन्ही एकदम वाजवल्या की तो कुणा एकीला वेगळं सरकवणार? म्हणून ती सोय तारा लावतानाच करावी लागते.

पेटीचा गांधार की तंबोऱ्याचा, हे भांडण आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी अधिकारी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीनं त्यांनी श्रुती तारेवर मोजल्या आणि १९१० साली पुण्यातून बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं त्यात रस घेतला आणि श्रुतींची पेटी घडली. पेटी फार चालली नाही. पण आकडे राहिले, आणि नॅशव्हिलचे स्टीलवाले दुसऱ्या वाटेनं त्याच आकड्यांशी पोचले.

तर असं कर. चौथी तार ई, हा तुझा षड्ज. तेवढा ट्यूनरवर शून्याला लाव. पाचवी, बी, हा पंचम, तोही मशीनवर चालेल. मग सहावी, जी शार्प, हा गांधार. इथे ट्यूनरकडे पाठ कर. चौथी आणि सहावी एकत्र छेड, सहावी हळूहळू उतरव. आवाजात लाटा येतात, त्या मंदावत जातात आणि एका जागी थांबतात. थांबल्या की मग मान वळवून काटा काय म्हणतो ते वाच. चौदाच्या आसपास उणे असेल. तो आकडा वहीत लिही, गोंगाटात तोच कामाला येईल. आकडा वाचता यावा म्हणून सेंट दाखवणारा ट्यूनर घ्यायचा. नुसता हिरवा दिवा लावणारा नको, हिरव्याच्या आतही चार-पाच सेंट लपू शकतात.

पेडल दाबल्यावर हिशेब बदलतो. पहिलं पेडल पाचव्या तारेला सी शार्पवर नेतं, दुसरं सहावीला ए-वर. आता षड्ज ए झाला आणि गांधार पाचव्या तारेवर गेला. तोही तसाच उतरता हवा, आणि तो खुंटीवर नाही, पलीकडच्या टोकाच्या नायलॉनच्या नटावर लागतो. त्यात दोन्ही पेडलं एकदम दाबली की लाकूड किंचित वाकतं आणि न हललेल्या ई-च्या तारासुद्धा थोड्या उतरतात. म्हणून ई पेडल न दाबता तपास, पेडल दाबून तपास, आणि दोन्हींच्या मध्ये जे कानाला सोसेल तिथे ठेव. अमेरिकेत जेफ न्यूमन या शिक्षकाचा यासाठीचा तक्ता वादक वर्षानुवर्षं वापरतात. त्यात आकडे हर्ट्झमध्ये असतात. ४४० पाशी १ हर्ट्झ म्हणजे साधारण ४ सेंट, एवढं लक्षात ठेवलंस की दोन्ही भाषा समजतील.

पीटरसन कंपनीचे स्ट्रोब ट्यूनर ०.१ सेंटपर्यंत मोजतात, आणि पेडल स्टीलचे असे उतरते गांधार त्यांत आधीच भरलेले मिळतात. चांगले आहेत, महागही आहेत. पहिल्या वर्षी घेऊ नकोस. बॉसच्या टीयू-३ सारखा पायाजवळ ठेवायचा ट्यूनर १ सेंटपर्यंत अचूक असतो. तुझा पाय पेडलवर रोज त्याहून जास्त फरक पाडेल. शिवाय भरलेले आकडे म्हणजे दुसऱ्याचा कान, आणि तुझं लाकूड किती वाकतं हे त्याला माहीत नाही.

मावळात वाजवायचं म्हणजे कधीतरी भजनी मंडळाच्या पेटीबरोबर बसशीलच. कामशेत काय, वडगाव काय, जुनी पेटी नेमकी ४४० ला असेलच असं नाही. पेटीवाल्या काकांना मोठेपणा देऊन म्हण, ‘काका, पांढरी सहा जरा धरून ठेवता का?’ आणि ट्यूनरची मोजणी त्या सुरावर आणून शून्य कर. त्यासाठी मोजणी ४३५ ते ४४५ पेक्षा जास्त हलणारा ट्यूनर बरा. पेटी साथीला असेल तेव्हा गांधार चौदा सेंट उतरवू नकोस, सात-आठावर थांब, नाहीतर दोघांचे खटके उडतील आणि लोक तुलाच बेसूर म्हणतील, कारण पेटी त्यांच्या ओळखीची आहे.

दुकान बुधवार पेठेतलं असो की धोबी तलावचं, वाद्य उचलून नेणं शक्य नाही, तेव्हा ट्यूनर परत घेतील का ते आधी विचार. घरी आणलास की दहावी तार आणि पहिली तार, या दोनच लाव. जाड तारेवर काटा स्थिरायला वेळ लागत असेल, किंवा पातळ तारेचा आवाज विरायच्या आत आकडा येत नसेल, तर पॅकिंग फाडू नकोस. पडदा उन्हात वाचता येतो का तेही बघ, साखरपुडे दुपारचेच असतात.

खोपोलीहून एसी गाडीनं वर आलास तर पेटारा उघडून अर्धा तास तसाच ठेव. गार धातूवर दमट हवेचं पाणी धरतं, तोवर लावलेली प्रत्येक तार पुन्हा लावावी लागते. चिमट्याच्या ट्यूनरमधला बटणासारखा सेल पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा काढून ठेव, नाहीतर पट्ट्यांवर हिरवं चढतं. आणि ऑक्टोबरात तारा सगळ्याच बदल, गंजलेल्या तारांवर कुठलाही ट्यूनर एका जागी थांबणार नाही.