संदेश लहान, अर्थ नेमका

इंग्रजीप्रमाणे मोठी व लहान अक्षरे देवनागरीत नाहीत. त्यामुळे वाक्य कोठे संपले, हे दर्शविण्याचा भार विरामचिन्हांवरच पडतो. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी ती मराठीत रूढ केली. भ्रमणध्वनीवरील संदेशांत मात्र ती सर्रास गाळली जातात. मित्रांच्या गप्पांत त्याने काही बिघडत नाही. परंतु ‘लसीकरण उद्या नाही परवा’ असा संदेश ग्रामस्थांना गेला, तर त्यांनी काय समजावे? ‘उद्या नाही, परवा’ की ‘उद्या, नाहीतर परवा’? एका स्वल्पविरामाअभावी एखाद्या मातेची दिवसाची मजुरी बुडते आणि बालक लसीविना परतते. म्हणून सार्वजनिक सूचना पाठविण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावी, तारीख व वार स्पष्ट लिहावेत आणि वाक्य पूर्णविरामानेच संपवावे.