घटक ४ : चर्चासत्र-निबंध – किनाऱ्यावरील समाज आणि त्याचे शब्द

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• चर्चासत्र-निबंधासाठी व्यापक विषयाची मर्यादा निश्चित करता येईल.
• एखाद्या समाजाच्या बोलीतील शब्दांचा पुरावा म्हणून उपयोग करता येईल.
• अनुवादात अर्थ कोठे निसटतो, हे दाखवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, किनारपट्टीवरील समाजाचे प्रश्न या विषयावर परदेशी विद्यापीठांतून पदव्युत्तर विद्यार्थ्यांची चर्चासत्रे भरतात. अशा एका चर्चासत्रात कोकण किनाऱ्यावरील निबंध वाचला जात आहे, अशी कल्पना करा. श्रोत्यांनी वरळी पाहिलेली नाही, बोंबील वाळताना पाहिलेला नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ निबंधकाराने निवडलेला शब्द. तो शब्द अपुरा असेल, तर प्रश्नही अपुरा समजतो. त्यामुळे हा विषय समाजशास्त्राचा असला तरी तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

४.३ विवेचन

४.३.१ ‘मच्छीमार’ कोण?

‘मच्छीमार’ म्हणताच समुद्रात जाणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. परंतु मासळी किनाऱ्याला लागल्यानंतर ती निवडणे, वाळवणे आणि बाजारात विकणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या दिवसांत सुक्या मासळीची विक्री अनेक घरांना आधार देते. निबंधात केवळ ‘मच्छीमारांचे उत्पन्न’ मोजले, तर हा आधार आणि तो देणारी स्त्री, दोन्ही हिशेबाबाहेर राहतात.

४.३.२ ‘कोळीवाडा’ कोठे संपतो?

१९९१ साली किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख आला आणि त्यांचे नकाशे तयार करण्याची तरतूद झाली. बोलीभाषेतील एक शब्द अशा रीतीने कायद्यात गेला. मात्र शब्द कायद्यात गेला की त्याला सीमा आखावी लागते. कोळीवाडा म्हणजे केवळ घरे, की होड्या ओढून ठेवण्याची, जाळी विणण्याची आणि मासळी वाळवण्याची जागाही? बाहेरच्या माणसाला बोंबील वाळवण्याच्या वलांड्यांखालची जमीन ‘मोकळी जागा’ दिसते. कोळणीला ती कामाची जागा वाटते. ज्याचा शब्द नकाशावर उमटतो, त्याच्या बाजूने जमिनीचा निर्णय झुकतो. शब्दाची सीमा येथे जमिनीची सीमा होते.

४.३.३ दिवस आणि अंतर यांचे मोजमाप

डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, प्रवाह जोरदार असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, प्रवाह मंदावतो. म्हणून या व्यवसायाचे दिवस तिथींवर मोजले जातात. ‘महिन्यात किती दिवस काम मिळते?’ हा प्रश्न इंग्रजी तारखांच्या चौकटीत विचारला, तर मिळणारे उत्तर दिशाभूल करू शकते.

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात वरळीच्या कोळ्यांनी पुलाच्या दोन खांबांमधील ६० मीटर अंतरास हरकत घेतली. वारा आणि लाटा असताना एवढ्या जागेतून होड्या सुरक्षित नेता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. दीर्घ आंदोलनानंतर एक खांब वगळून ते अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. आराखड्यात जे ‘अंतर’ होते, ते कोळ्यांच्या दृष्टीने ‘वाट’ होती. या दोन शब्दांतील फरक स्पष्ट करणे, हेच अशा निबंधाचे काम.

४.३.४ निबंधाची सिद्धता

(अ) विषय आटोपशीर घ्या. ‘किनारपट्टीचे प्रश्न’ असा विषय न घेता ‘एका कोळीवाड्यातील मासळी वाळवण्याच्या जागा’ असा घ्या.
(आ) बोलीतील शब्द जसा ऐकला तसा नोंदवा आणि तो कोणत्या वाक्यात आला तेही लिहा.
(इ) अनुवाद करताना मूळ शब्द कायम ठेवून शेजारी स्पष्टीकरण द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या लघु-मत्स्यव्यवसायविषयक मार्गदर्शक तत्त्वांनीही स्थानिक ज्ञानाचे महत्त्व मान्य केले आहे. ते ज्ञान शब्दांतूनच हाती लागते.
(ई) ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना निबंध मराठीत वाचून दाखवा. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती निबंधात नोंदवा.

पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही सामग्री दूर नाही. डेक्कन कॉलेजातील मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. गणेश पेठेतील मासळी बाजारात सकाळी तासभर थांबले, तरी वही भरू लागते.

४.४ सारांश

किनाऱ्यावरील समाजाचे प्रश्न त्या समाजाच्या शब्दांतून समजून घेतले नाहीत, तर माणसे, जागा आणि वेळ या तिन्हींचे मोजमाप चुकते. चांगला चर्चासत्र-निबंध हे शब्द जपतो, त्यांचा अर्थ उलगडतो आणि त्यांच्या आधारे निष्कर्ष मांडतो.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मोकळी जागा’ आणि ‘कामाची जागा’ या शब्दप्रयोगांतील भेद कोळीवाड्याच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. ‘उधाण’ व ‘भांग’ या शब्दांचा मासेमारीच्या वेळापत्रकाशी असलेला संबंध सांगा.
३. क्षेत्रकार्य : आपल्या परिसरातील एका व्यवसायातील दहा शब्द वाक्यांसह नोंदवा. त्यांपैकी कोणत्या शब्दांना प्रमाण मराठीत पर्याय नाही, त्याची कारणमीमांसा करा.