डी-डायमर वाढला म्हणजे गुठळी झालीच का?

करोनाच्या साथीत, २०२०-२१ साली, 'डी-डायमर' हा शब्द आपल्या कसबा बावड्यातही घरोघरी पोचला. तेव्हापासून घरचे कोणी इस्पितळात असले की नातेवाईक रिपोर्ट पुढे करून मला विचारतात, "डॉक्टर, हा आकडा वाढलाय, रक्तात गुठळी झाली का?" काळजी रास्त आहे. पायाच्या खोल शिरेतील गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

पण आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. रक्त गोठताना फायब्रिन या तंतूंचे जाळे विणले जाते. पुढे शरीरच ते तोडते आणि त्याचे तुकडे रक्तात उतरतात. डी-डायमर हा त्यातलाच एक तुकडा. शस्त्रक्रियेची जखम, न्यूमोनिया, कर्करोग, गरोदरपण, उतारवय, या सर्वांत तो वाढतो. इस्पितळात पडून असलेल्या रुग्णात तो वाढलेला नसला तरच नवल!

या तपासणीचा खरा उपयोग उलट बाजूने आहे. लक्षणांवरून गुठळीची शक्यता कमी वाटते आणि डी-डायमर ५०० च्या आत आहे, तर गुठळी नाही असे बहुधा खात्रीने सांगता येते. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा धरतात. सत्तरीच्या गृहस्थांना ७००. मात्र एकक पाहावे. काही प्रयोगशाळा वेगळ्या एककात मोजतात, तिथे ५०० च्या जागी साधारण २५० येतात. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरणारे मी बरेच पाहिले आहेत.

मग धोका ठरवायचा कसा? रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही तीन कारणे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य विर्खो यांच्या नावाने ती ओळखली जातात. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या आजींच्या बाबतीत तिन्ही हजर असतात. त्यांचा धोका कळायला डी-डायमरची गरजच नाही. पूर्वी गुठळी झाली होती का, घराण्यात कोणाला होती का, कर्करोग आहे का, संततिनियमनाच्या गोळ्या चालू आहेत का, हे दाखल होतानाच सांगावे.

रक्ततपासणी लागते ती प्रतिबंधक हिपॅरिन देण्यापूर्वी. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन पाहतात, कारण यातील काही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. हिपॅरिनने क्वचित पाचव्या ते दहाव्या दिवसांत प्लेटलेट घसरतात, म्हणून ती तपासणी पुन्हा होते. 'आयएनआर नॉर्मल आहे, म्हणजे गुठळी होणार नाही' ही समजूत मात्र चुकीची आहे.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर तेल लावून चोळत बसू नका. डॉक्टरांना सांगा, डॉपलर सोनोग्राफी करतील. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नका. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो, त्यामुळे गुठळी टाळण्याचे औषध ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवावे लागू शकते. आजी चालू लागल्या म्हणून ते मनाने बंद करू नये.