बखर, शकावली आणि वंशावळ : वाचन व पारख



मागील घटकात आपण बखर या गद्यप्रकाराची वाङ्मयीन वैशिष्ट्ये पाहिली. या घटकात त्याच लेखनाकडे वेगळ्या नजरेने पाहावयाचे आहे. एखाद्या घराण्याचा वंशक्रम लावताना बखर, शकावली, करीना व कैफियत यांतील मजकूर कितपत ग्राह्य धरावा, हा आपला प्रश्न आहे.

सोयगाव येथील एका संपर्कसत्रात एका विद्यार्थ्याने घरातील जुन्या मोडी कागदाची नक्कल दाखविली. तीत त्याच्या पणजोबांचे नाव व ‘सन 1325’ असा आकडा होता. त्याने तो शालिवाहन शक मानून 78 मिळविले आणि इ. स. 1403 हे वर्ष काढले. परिणामी पणजोबा व आजोबा यांच्यामध्ये पाच शतकांची पोकळी पडली आणि ती भरण्यासाठी भाटाच्या तोंडची पंधरा-सोळा नावे तेथे बसविली गेली. वास्तविक हा भाग निजामाच्या राज्यातील, आणि तेथील महसुली कागदांवर फसली सन असे. फसलीत 590 किंवा 591 मिळवावयाचे. म्हणजे तो कागद 1915-16 चा ठरतो. पोकळी नाहीशी झाली, आणि तिच्यासोबत ती पंधरा नावेही आधारहीन झाली. आज मराठवाड्यात कितीतरी कुटुंबे पूर्वजांच्या नोंदी शोधत आहेत. अशा वेळी ही चूक निव्वळ अभ्यासिकेतली राहत नाही.

कालगणना

शिवकालीन कागदांत शकाबरोबरच शुहूर सन येतो, आणि तोही अरबी संख्याशब्दांत. ‘इसन्ने सबैन अलफ’ म्हणजे दोन, सत्तर व हजार, अर्थात 1072. यात मृगापासून वर्षअखेरपर्यंत 599 आणि पुढील इंग्रजी वर्षात 600 मिळविले की 1671-72 हे वर्ष मिळते. प्रथम सन कोणता हे ठरवावे, बेरीज नंतर करावी.

तिथीबरोबर वार दिला असेल तर तो सोडू नये. जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. गणित केल्यास ही तिथी जुन्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे 19 फेब्रुवारी 1630 ला येते व त्या दिवशी शुक्रवारच पडतो. मल्हार रामराव चिटणीसांची बखर मात्र शके 1549 मधील वैशाख सांगते. ती सुमारे 1810 ची, म्हणजे शिवनिधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांची. शकावलीच्या तिथीला परमानंदाच्या शिवभारताचा व जोधपूरला मिळालेल्या जन्मपत्रिकेचा दुजोरा आहे. येथे साधनांची संख्या मोजावयाची नाही. ती एकमेकांवरून उतरवलेली नाहीत, हे महत्त्वाचे.

नावांची साखळी

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडलेले नसतात, आणि धावत्या हातात पुष्कळ अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. तरी वंशावळीत खरी अडचण अक्षरांची नसून नावांच्या पुनरावृत्तीची आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत होती. ‘मालोजी बिन बाबाजी बिन मालोजी’ अशी ओळ उतरविताना नकलनविसाची नजर एका मालोजीवरून दुसऱ्यावर घसरली की दोन पिढ्या गळतात. उलट एकच व्यक्ती दोनदा लिहिली की एक वाढते. म्हणून दर शतकाला तीन ते चार पिढ्या हे माप लावून पाहावे. अरबीतून आलेल्या या ‘बिन’चे काम वेल्स भाषेत ‘आप’ हा शब्द करी. तेथील ‘प्रिचर्ड’ हे आडनाव ‘आप रिचर्ड’ यातूनच घडले. तिकडेही दहाव्या शतकातील राजवंशावळीत ओवाइन या राजाचे मूळ येशूची माता मेरी हिच्या नात्यातील एका स्त्रीपर्यंत नेलेले आढळते. थोर मूळ पुरुषाची ओढ आपल्याच मातीतली, असे मानण्याचे कारण नाही.

वेरूळचे भोसले

आपल्याच जिल्ह्यातील वेरूळच्या भोसले घराण्याचे उदाहरण घेऊ. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस 1697 च्या सुमारास बखर लिहिली. चिटणीसांची बखर पुढची, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख 1803 चा. बाबाजी, मालोजी, शहाजी हा क्रम निर्विवाद आहे. त्यामागे चितोडच्या सिसोदिया वंशापर्यंत जाणाऱ्या याद्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत, आणि लेखन जितके उत्तरकालीन तितका तपशील अधिक. मूळ आठवण पुसट असूनही तपशील वाढत जावा, हे माझ्या मते सावध होण्याचे लक्षण आहे. मात्र याद्या जुळत नाहीत एवढ्यावरून मूळ परंपराच खोटी ठरते, असेही म्हणता येणार नाही; सिद्ध होते ते इतकेच की मधली नावे पुराव्यादाखल वापरता येत नाहीत.

करीना व कैफियती यांचा हेतू बहुधा वतनाच्या वादात हक्क सांगण्याचा असे. तेव्हा त्या स्वार्थी लेखन म्हणून टाकून द्याव्यात काय? तसे नाही. समोर प्रतिपक्ष बसलेला असे. गोतसभेत गावचे वृद्ध असत. बापाचे किंवा आजाचे खोटे नाव तेथे खपणे कठीण. त्यामुळे अलीकडच्या तीन-चार पिढ्या सामान्यतः विश्वसनीय, त्यापलीकडच्या तपासण्याजोग्या.

भाषेची साक्ष

माझा विषय भाषाविज्ञान असल्याने या साक्षीकडे माझा ओढा आहे, हे मान्य करतो. वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उत्तर कोकणातील घराण्यांचे वंश सांगते. परंतु ती एका हातची व एका काळची नाही, निरनिराळ्या काळांतील प्रकरणे तीत एकत्र आली आहेत. बाराव्या शतकातला म्हणून सांगितलेल्या एखाद्या मजकुरात ‘फौज’, ‘सरकार’, ‘हुकूम’ असे शब्द सहज वावरत असतील तर ते लेखन पुष्कळ नंतरचे समजावे. तथापि नकलनवीस जुनी भाषा आपल्या काळाची करून टाकतो. म्हणजे भाषेवरून वय ठरते ते हाती असलेल्या पाठाचे. आशय त्याहून जुना असू शकतो.

स्वयंअध्ययनासाठी

घरातील किंवा परिचितांकडील एखादी वंशावळ घ्या. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदातून वा कोणाच्या तोंडून आले ते लिहा, सन असल्यास त्याचा प्रकार नोंदवा. ज्या नावापुढे काहीच लिहिता येणार नाही ते खोडू नका. त्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढा आणि तो तक्ता पुढील संपर्कसत्रास सोबत आणा.